डिजिटल ऑडिओ मिक्सर वाय-फायवरून चालवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि आसपासच्या गावांतील साउंडवाले, भजनी मंडळे, नाट्यसंस्था आणि लॉनचे व्यवस्थापक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न ‘कोणते अ‍ॅप चांगले?’ या वाक्याने सुरू होतात. परंतु अडचण निम्म्याहून अधिक वेळा अ‍ॅपमध्ये नसून राउटरमध्ये असते. म्हणून अ‍ॅपइतकीच जागा मी नेटवर्कलाही दिली आहे.

1. मिक्सर टॅब्लेटवरून चालवताना आवाजसुद्धा वाय-फायवरून जातो का?

नाही. माइकपासून मिक्सरपर्यंत आणि मिक्सरपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत आवाज केबलनेच जातो, आणि इक्वलायझर, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब ही सर्व प्रक्रिया मिक्सरच्या पेटीतच होते. टॅब्लेट हा फक्त रिमोट आहे. तो ‘चॅनेल 3 चा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) इतका खाली करा’ अशा स्वरूपाचा छोटा संदेश पाठवतो आणि मिक्सरकडून मीटरची, म्हणजे आवाजाची पातळी दाखवणाऱ्या पट्ट्यांची, हालचाल परत मागवतो. बेहरिंगरचे एक्स एअर आणि एक्स32, तसेच मायडासचे एम32 हे मिक्सर यासाठी ‘ओपन साउंड कंट्रोल’ या पद्धतीवर आधारलेले संदेश वापरतात. ही पद्धत 1990 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संगीत-संशोधन केंद्रात तयार झाली. त्यामुळे गायकाच्या आवाजाला वाय-फायमुळे उशीर होईल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. उशीर झालाच तर तो तुमच्या बोटाच्या हालचालीला होईल.

2. मग वाय-फाय मध्येच तुटले तर कार्यक्रम बंद पडेल का?

कार्यक्रम बंद पडत नाही. मिक्सर शेवटच्या मांडणीवर तसाच चालू राहतो आणि आवाज येत राहतो. धोका वेगळाच आहे: त्या क्षणी तुम्हाला काहीही बदलता येत नाही.

काटोल रोडवरील एका लॉनवर मी हे अनुभवले आहे. मंगलाष्टके संपत आली असताना टॅब्लेटची जोडणी तुटली. गुरुजींचा माइक उघडा होता, अंतरपाट दूर होताच बँडवाले त्याच्या शेजारी वाजवू लागले आणि तो सगळा कल्लोळ मुख्य स्पीकरमधून बाहेर पडू लागला. मिक्सर स्टेजबॉक्स प्रकारचा होता, म्हणजे मंचाजवळ ठेवून केबल जोडायची नुसती पेटी; त्यावर फेडर नव्हते. गर्दीतून वाट काढत रॅकपर्यंत पोहोचून अ‍ॅम्प्लिफायरचे बटण खाली फिरवेपर्यंत जवळपास पाऊण मिनिट गेले असावे. रॅक मंचाला लागून जमिनीवर ठेवलेला होता आणि त्यातल्या राउटरवर अक्षता पडलेल्या होत्या. राउटर कुठे ठेवू नये, हे मला त्या अक्षतांनी शिकवले.

तेव्हापासून मी दोन नियम पाळतो. फेडर नसलेल्या मिक्सरसोबत एक लॅपटॉप नेटवर्क केबलने जोडून ठेवायचा (प्रश्न 13), आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणापर्यंत हात पोहोचेल अशा जागी एक माणूस उभा ठेवायचा.

3. कोणत्या मिक्सरसाठी कोणते सॉफ्टवेअर आहे?

पहिला पर्याय कंपनीचे स्वतःचे सॉफ्टवेअर. बेहरिंगर एक्स एअर मालिकेसाठी, म्हणजे एक्सआर12, एक्सआर16 आणि एक्सआर18 साठी, संगणकावर ‘एक्स एअर एडिट’ आहे आणि आयपॅड व अँड्रॉइडसाठी वेगळी अ‍ॅप आहेत. एक्स32 साठी संगणकावर ‘एक्स32 एडिट’ आणि आयपॅडवर ‘एक्स32 मिक्स’ आहे. या दोन्ही मालिकांची संगणकावरील सॉफ्टवेअर लिनक्सवरही चालतात, ही आपल्याकडे फारशी माहीत नसलेली सोय आहे.

यामाहाच्या टीएफ मालिकेसाठी ‘टीएफ स्टेजमिक्स’ आहे, पण ते आयपॅडपुरतेच. संगणकासाठी ‘टीएफ एडिटर’ आहे. अ‍ॅलन अँड हीथच्या एसक्यू मालिकेचे ‘एसक्यू मिक्सपॅड’ मात्र आयपॅड, अँड्रॉइड, विंडोज आणि मॅक या चारही ठिकाणी मिळते, तर त्याच कंपनीच्या मूळ क्यू मालिकेचे ‘क्यू-पॅड’ आयपॅडसाठीच आहे. प्रीसोनस स्टुडिओलाइव्हच्या डिजिटल मालिकेसाठी ‘यूसी सरफेस’ आहे आणि तेही संगणक, आयपॅड व अँड्रॉइडवर चालते.

दुसरा पर्याय ब्राउझरचा, तो प्रश्न 5 मध्ये आहे. तिसरा पर्याय स्वतंत्रपणे तयार केलेल्या अ‍ॅपचा, तो प्रश्न 6 मध्ये.

माझा आग्रह एवढाच की मिक्सर खरेदी करण्यापूर्वी त्याचे अ‍ॅप उतरवून घ्यावे. एक्स एअर एडिट, टीएफ एडिटर आणि मिक्सपॅड ही मिक्सर न जोडताही उघडता येतात. सीताबर्डीच्या दुकानात काउंटरपलीकडचा मिक्सर पाहून घेतलेला निर्णय आणि घरी दोन संध्याकाळी अ‍ॅपमध्ये बोटे फिरवून घेतलेला निर्णय यांत मोठा फरक पडतो.

4. आयपॅडच घ्यावा लागेल का? माझ्याकडे अँड्रॉइड टॅब्लेट आहे.

मिक्सर कोणता, यावर ते अवलंबून आहे. एक्स एअर, एसक्यू, स्टुडिओलाइव्ह आणि साउंडक्राफ्ट यूआय यांच्यासाठी अँड्रॉइड पुरते. टीएफ स्टेजमिक्स वापरायचे असेल तर आयपॅडला पर्याय नाही.

एक जुनी गोष्ट येथे उपयोगी पडेल. 2012 मध्ये मॅकीने डीएल1608 हा मिक्सर आणला. त्यात आयपॅड बसवण्यासाठी खाच होती आणि जोडणी 30 पिनांची होती. त्याच वर्षाच्या अखेरीस अ‍ॅपलने आयपॅडचा जोड बदलून लाइटनिंग केला. मिक्सर दहा वर्षे टिकतो, टॅब्लेट मात्र तीन-चार वर्षांत बदलतो. म्हणून ज्या मिक्सरला दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारच्या उपकरणांवरून चालवता येते, तो भाड्याने साउंड देणाऱ्या व्यावसायिकासाठी अधिक सुरक्षित गुंतवणूक ठरतो.

पडद्याचा आकार मात्र आयपॅड-अँड्रॉइडच्या वादापेक्षा महत्त्वाचा आहे. 8 इंचांपेक्षा लहान पडद्यावर घाईच्या वेळी शेजारच्या चॅनेलवर बोट पडतेच.

5. ब्राउझरवर चालणारा मिक्सर चांगला की अ‍ॅपवर चालणारा?

साउंडक्राफ्टच्या यूआय12, यूआय16 आणि यूआय24आर या मिक्सरमध्ये नियंत्रणाचे पान मिक्सरमध्येच साठवलेले असते. टॅब्लेट, फोन किंवा लॅपटॉप त्याच्या वाय-फायला जोडून ब्राउझरमध्ये 10.10.1.1 हा पत्ता टाकला की फेडर समोर येतात. काहीही उतरवावे लागत नाही, आणि एकाच वेळी 10 उपकरणांपर्यंत जोडता येतात. गावातल्या मंदिरात, जिथे दर आठवड्याला वेगळा सेवेकरी मिक्सर सांभाळतो, तिथे ही पद्धत मला सर्वांत सोयीची वाटते.

तिची उणी बाजूही सांगितली पाहिजे. ब्राउझरमध्ये चुकून मागे जाण्याची खूण झाली किंवा वरून एखादी सूचना उघडली, तर पान निसटते आणि पुन्हा उघडायला काही क्षण जातात. म्हणून ते पान होम स्क्रीनवर जोडून पूर्ण पडद्यावर वापरावे आणि कार्यक्रमाच्या वेळी इतर सर्व सूचना बंद ठेवाव्यात.

6. मिक्सिंग स्टेशन हे अ‍ॅप विश्वासार्ह आहे का?

होय, आणि अनेक अनुभवी ध्वनितंत्रज्ञ कंपनीच्या अ‍ॅपऐवजी तेच वापरतात. ते कोणत्याही मिक्सर-कंपनीचे नाही. अँड्रॉइड, आयओएस, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालते आणि बेहरिंगर, मायडास, अ‍ॅलन अँड हीथ अशा अनेक कंपन्यांचे मिक्सर एकाच मांडणीत हाताळते. आज एका मंडळाचा एक्स32 आणि उद्या दुसऱ्या सभागृहाचा एसक्यू हाताळणाऱ्या माणसाला याचा फार फायदा होतो, कारण बोटांची सवय बदलावी लागत नाही. स्वतःला हवे तेच फेडर, हव्या त्या क्रमाने एका पानावर लावता येतात. नाटकासाठी मी आठ पात्रांचे माइक आणि एक संगीताचा फेडर एवढेच पान ठेवतो. पूर्ण वापरासाठी पैसे मोजावे लागतात, ते मोजावेत. मात्र मिक्सरमध्ये नवे फर्मवेअर (मिक्सरच्या आतले सॉफ्टवेअर) टाकले की हे अ‍ॅपही त्याला जुळते आहे ना, ते आधी घरी तपासावे (प्रश्न 12).

7. मिक्सरमध्ये वाय-फाय आधीच आहे, तरी वेगळा राउटर का घ्यायचा?

खोलीतल्या सरावाला अंगभूत वाय-फाय पुरते. कार्यक्रमाला ते पुरेल असे मी कोणालाही सांगत नाही. एक्सआर18 चेच उदाहरण घ्या. त्याचे अंगभूत वाय-फाय फक्त 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालते, त्याला जास्तीत जास्त 4 उपकरणे जोडता येतात, आणि मिक्सर मंचावर खाली असल्यामुळे त्याचा अँटेनाही खालीच राहतो. मिक्सरच्या नेटवर्क पोर्टला केबलने एक वेगळा राउटर जोडला की तिन्ही अडचणी एकदम सुटतात. एक्सआर18 वर त्यासाठी तीन स्थितींचा छोटा स्विच आहे. तो इथरनेटच्या बाजूला सरकवावा लागतो, आणि हेच अनेक जण विसरतात. एक्स32 मध्ये वाय-फाय मुळातच नाही, त्यामुळे तिथे राउटर लागतोच.

8. दुपारी रिकाम्या लॉनवर सर्व ठीक चालते, पाहुणे आले की जोडणी तुटते. असे का होते?

माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे माणसाचे शरीर. शरीरात पाणी भरपूर असते आणि वाय-फायच्या लहरी ते शोषून घेते. रिकाम्या लॉनवर राउटर आणि टॅब्लेट यांच्यामध्ये फक्त खुर्च्या असतात. रात्री आठ वाजता तिथे पाचशे माणसे उभी असतात. राउटर टेबलावर असेल तर लहरींना या सर्वांच्या अंगातून वाट काढावी लागते. तोच राउटर स्टँडवर किंवा ट्रसवर माणसांच्या डोक्यांच्या वर, आठ-दहा फुटांवर, बांधला तर मार्ग मोकळा राहतो. एका रुपयाचाही खर्च न करता होणारी एवढी मोठी सुधारणा दुसरी नाही.

दुसरे कारण म्हणजे प्रत्येक खिशातला फोन. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे वाय-फाय चॅनेल (मिक्सरचे चॅनेल नव्हेत) तीनच आहेत: 1, 6 आणि 11. पाहुण्यांचे हॉटस्पॉट, ब्लूटूथ, छायाचित्रकारांची वायरलेस यंत्रे, शेजारच्या इमारतींतील राउटर आणि 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारे स्वस्त वायरलेस माइक हे सर्व त्याच अरुंद गल्लीत असतात. 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा पुष्कळ आहे, आणि भारतात 2018 मध्ये या पट्ट्याचा मोठा भाग परवानामुक्त झाल्यापासून मोकळ्या मैदानावरही तो वापरता येतो. त्याचा पल्ला थोडा कमी आणि भिंतीतून जाण्याची ताकद कमी असली, तरी मंचाकडे थेट नजर जात असेल तर तोच निवडावा.

म्हणून चाचणी गर्दीतच घ्यावी. दुपारी साउंड चेक झाल्यावर समाधान मानू नये. पाहुणे जमल्यावर टॅब्लेट हातात घेऊन शेवटच्या रांगेपर्यंत एकदा चालत जावे आणि मीटर अडखळतात का ते पाहावे.

9. राउटरमध्ये नेमकी कोणती सेटिंग ठेवावीत?

2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे द्यावीत. नाव एकच असले तर टॅब्लेट स्वतःच्या मनाने पट्टा बदलतो आणि तेवढ्यात जोडणी अडखळते. 5 गिगाहर्ट्झवर चॅनेल ‘ऑटो’ न ठेवता 36 ते 48 किंवा 149 ते 161 यांपैकी एक स्वतः निवडावा. मधल्या 52 ते 144 या चॅनेलांवर रडारला प्राधान्य असते. राउटरला रडारसारखी लहर जाणवली तर त्याला तो चॅनेल तत्काळ सोडावा लागतो, आणि हे भर कार्यक्रमात घडू शकते. चॅनेलची रुंदी 20 मेगाहर्ट्झ पुरे, कारण आपले संदेश अगदी लहान आहेत. येथे वेग नको, स्थिरता हवी.

मिक्सरला कायमचा एकच आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची त्याची ओळख सांगणारा आकडा, द्यावा. राउटर 192.168.1.1 असेल तर मिक्सर 192.168.1.50 ठेवावा, मास्क 255.255.255.0, आणि राउटरने टॅब्लेटना पत्ते 192.168.1.100 पासून पुढे वाटावेत. एक्स32 मध्ये हा पत्ता सेटअपच्या नेटवर्क पानावर हाताने भरतात. तोच पत्ता पक्क्या शाईने राउटरच्या पाठीवर लिहून ठेवावा. रात्री अकराला अंधारात शोधायला मोबाइलमधली नोंद उपयोगी पडत नाही, पाठीवरचा आकडा पडतो.

10. टॅब्लेट राउटरला जोडला गेला आहे, पण अ‍ॅपला मिक्सर सापडत नाही. काय तपासू?

आधी टॅब्लेटचा स्वतःचा आयपी पत्ता पाहा. तो 169.254 ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. पत्त्याचे टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन भाग मिक्सरच्या पत्त्याशी जुळत नसतील तर दोघे वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत.

पत्ते जुळत असूनही मिक्सर दिसत नसेल, तर आयपॅड किंवा आयफोनवर त्या अ‍ॅपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी आहे का ते पाहावे. आयओएस 14 पासून ही परवानगी वेगळी मागितली जाते. पहिल्यांदा घाईत ‘नको’ दाबले गेले तर पुढे अ‍ॅप गप्प राहते. अँड्रॉइडवर बहुधा वेगळेच घडते: राउटरला इंटरनेट नाही हे पाहून फोन मोबाइल डेटाकडे वळतो. ‘इंटरनेट नसले तरी जोडलेले राहा’ हा पर्याय निवडावा किंवा मोबाइल डेटा बंद करावा.

एवढे करूनही जमले नाही तर अ‍ॅपमध्ये शोधण्याची वाट न पाहता मिक्सरचा आयपी पत्ता हाताने टाकावा. सभागृहाच्या वाय-फायवर ही अडचण येत असेल तर प्रश्न 16 पाहा.

11. या सगळ्यासाठी इंटरनेट लागते का?

लागत नाही. राउटरला इंटरनेट नसणेच चांगले, कारण मग टॅब्लेटवरील अ‍ॅप कार्यक्रमाच्या मध्ये अद्ययावत होऊ लागत नाहीत.

12. अ‍ॅप आणि मिक्सरचे फर्मवेअर अद्ययावत करावे का?

करावे, पण कार्यक्रमाच्या आठवड्यात नाही. काही कंपन्यांच्या अ‍ॅपला फर्मवेअरची ठरावीक आवृत्तीच लागते; टॅब्लेटने रात्रीतून अ‍ॅप आपोआप बदलले आणि मिक्सरमध्ये जुने फर्मवेअर राहिले, तर सकाळी दोघांचे जमत नाही. म्हणून टॅब्लेटवरील आपोआप अद्ययावत होण्याची सोय बंद ठेवावी. फर्मवेअर बदलण्यापूर्वी सर्व सीन (साठवलेल्या मांडण्या) पेनड्राइव्हवर किंवा लॅपटॉपवर उतरवून घ्यावेत.

13. एकाच वेळी दोन उपकरणांवरून मिक्सर चालवता येतो का? कलावंतांना स्वतःचा मॉनिटर (मंचावर स्वतःला ऐकण्याचा वेगळा आवाज) देता येतो का?

दोन्ही येते. लॅपटॉप केबलने आणि टॅब्लेट वाय-फायने, अशी जोडी मी कायम ठेवतो. एकावर केलेला बदल दुसऱ्यावर दिसतो, आणि दोघांनी एकच फेडर हलवला तर शेवटी हलवणाऱ्याचे चालते. म्हणून कोण काय हलवणार, हे आधी ठरवून घ्यावे.

कलावंतांच्या हातात मुख्य अ‍ॅप कधीही देऊ नये. यामाहाचे ‘मॉनिटरमिक्स’, अ‍ॅलन अँड हीथचे ‘एसक्यू4यू’ आणि प्रीसोनसचे ‘क्यूमिक्स-यूसी’ ही खास त्यासाठीच बनवलेली आहेत: तबलावादकाला स्वतःच्या मॉनिटरमध्ये हार्मोनियम किती हवी तेवढेच त्याला ठरवता येते, श्रोत्यांच्या आवाजाला त्याचा हात लागत नाही. मंचावरून ‘भाऊ, माझा आवाज वाढवा’ असे हातवारे करणे यामुळे खरोखर थांबते. तरीही ज्येष्ठ गायकांना फोन हाताळायला लावू नये. त्यांच्याजवळ टॅब्लेट घेऊन बसावे, त्यांचे ऐकावे आणि आपण फेडर हलवावा.

14. दुसरा कोणी माझ्या मिक्सरमध्ये शिरू शकतो का?

नेटवर्क उघडे असेल तर सहज शिरू शकतो. एक्स32 सारख्या मिक्सरला नियंत्रणाचा संदेश कोणाकडून आला याच्याशी घेणे नसते; त्याच नेटवर्कवर तेच अ‍ॅप असलेला कोणीही मुख्य फेडर खाली करू शकतो. त्यामुळे राउटरला पक्का पासवर्ड ठेवणे हेच खरे कुलूप आहे. नेटवर्कचे नाव लपवल्याने संरक्षण मिळत नाही, जोडणी मात्र त्रासदायक होते. पासवर्ड मंडळातल्या दहा जणांना दिला गेला असेल तर पुढच्या कार्यक्रमापूर्वी तो बदलावा.

15. मे महिन्यात टॅब्लेट मध्येच बंद पडतो. तो खराब झाला आहे का?

बहुधा नाही. अ‍ॅपलने आयपॅड वापरण्यासाठी सांगितलेले हवेचे तापमान 0 ते 35 अंश सेल्सिअस आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. एका दुपारच्या लग्नात माझा टॅब्लेट काळ्या आवरणासह दहा मिनिटे उन्हात राहिला. आधी पडदा अंधूक झाला, मग तापमानाची सूचना आली आणि पुढची पंधरा मिनिटे फक्त लॅपटॉपच हाताशी होता. आता मी आवरण काढून टाकतो, टॅब्लेट चार्जिंगला लावून वापरत नाही, कारण चार्जिंगने तो आणखी तापतो, आणि टेबलावर छोटा पंखा ठेवतो. ओल्या रुमालात गुंडाळण्याचा किंवा बर्फावर ठेवण्याचा सल्ला काही जण देतात, तो मानू नये. पाणी आत शिरते. राउटरलाही सावलीतच बांधावे.

16. सभागृहाचेच वाय-फाय वापरले तर चालेल का?

सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह असो, रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृह असो किंवा एखाद्या महाविद्यालयाचा हॉल असो, स्वतःचा राउटर घेऊन जावा. सार्वजनिक वाय-फायवर बहुधा एका उपकरणाला दुसरे दिसू नये अशी व्यवस्था मुद्दाम केलेली असते. सुरक्षिततेसाठी ती योग्यच आहे, पण तिच्यामुळे टॅब्लेटला मिक्सर सापडत नाही. घरातल्या राउटरच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवरही हेच घडते.

17. लाइट गेली आणि जनरेटर सुरू झाला, तेवढ्या काही सेकंदांत काय होते?

मिक्सर आणि राउटर दोन्ही बंद पडतात. मिक्सर परत आला तरी राउटरला सुरू व्हायला अनेकदा मिनिटभर किंवा जास्त लागते, आणि तोवर टॅब्लेट दुसऱ्याच ओळखीच्या वाय-फायला जाऊन चिकटलेला असतो. मिक्सर, राउटर आणि स्टेजबॉक्स एका छोट्या यूपीएसवर ठेवावेत. अ‍ॅम्प्लिफायर त्यावर लावू नयेत. टॅब्लेटला इतर सर्व नेटवर्क विसरायला लावावीत. जोडणी परत आल्यावर अ‍ॅप मिक्सरमधील सारी मांडणी पुन्हा वाचते. ते वाचन पूर्ण होईपर्यंत कोणताही फेडर हलवू नये.

18. माझ्या मिक्सरला डान्टे आहे. त्याच राउटरवर डान्टे आणि टॅब्लेट दोन्ही चालतील का?

येथे प्रश्न 1 मधील उत्तराला अपवाद आहे, कारण डान्टेमध्ये आवाज खरोखरच नेटवर्कवरून जातो. तो केबलवरूनच न्यायचा असतो, वाय-फायवरून नाही. दोन्ही एकाच साध्या राउटरवर जोडले आणि डान्टेचा प्रवाह मल्टिकास्ट पद्धतीने (एकाच वेळी अनेकांकडे) जात असेल, तर तो वाय-फायकडेही ढकलला जातो आणि टॅब्लेटची जोडणी गुदमरते. म्हणून डान्टेसाठी वेगळा गिगाबिट स्विच ठेवावा आणि नियंत्रणाचा राउटर मिक्सरच्या वेगळ्या नेटवर्क पोर्टला जोडावा. मिक्सरला तसा वेगळा पोर्ट नसेल तर व्यवस्थापन करता येणारा स्विच घेऊन दोन्ही प्रवाह व्हीलॅनने (एकाच स्विचमध्ये आखलेल्या स्वतंत्र नेटवर्कने) वेगळे करावे लागतात, आणि ते काम कार्यक्रमाच्या जागेवर नव्हे, घरी आदल्या दिवशी करून, केबलवर रंगीत चिकटपट्ट्या लावून न्यावे.